क्लस्टर उभारता उभारता शिकलेलं नेटवर्किंग

सर्व्हर क्लस्टरची, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अनेक सर्व्हरची, उभारणी स्वयंचलित करायची म्हटलं की अँसिबल, टेराफॉर्म (दोन्ही उभारणी-मांडणी आपोआप करणारी साधनं), कुबरनेटीस (अनेक यंत्रांवर मिळून प्रोग्रॅम चालवणारी व्यवस्था) ही नावं आधी डोक्यात येतात. माझ्याही आली होती. पण या कामातला मोठा वेळ ही हत्यारं हातात घ्यायच्या आधीच जातो. कोऱ्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम नाही, त्याला नाव नाही, पत्ता नाही, एसएसएच, म्हणजे दुरून आत शिरायची सोय, नाही. मग अँसिबलने बोलायचं कुणाशी? अशा वेळी सर्व्हरकडे असतं एक नेटवर्क कार्ड आणि त्यात खोचलेली केबल. म्हणून क्लस्टर उभारायला निघालेला माणूस, त्याला हवं असो वा नसो, नेटवर्किंगच्या वर्गात जाऊन बसतो.

काम असं होतं: दोन रॅकमध्ये मिळून चाळीसेक सर्व्हर, त्यांच्यावर लिनक्स आणि लिनक्सवर कुबरनेटीस. आधीची पद्धत म्हणजे ढकलगाडीवर मॉनिटर आणि कीबोर्ड, खिशात पेनड्राइव्ह आणि एकेका यंत्रासमोर उभं राहून ‘पुढे’ दाबत बसणं. त्यातून उभे राहिलेले दोन सर्व्हर कधीच एकसारखे नसत. एकावर अमुक पॅकेज असे, दुसऱ्यावर नसे, आणि ते कुणी कधी टाकलं याची नोंद कुठेही नसे. आता अट एकच होती: सर्व्हर रॅकमध्ये बसवला, केबल जोडल्या की पुन्हा त्याच्याजवळ जायला लागू नये. मला लिनक्स बऱ्यापैकी येत होतं, शेल स्क्रिप्टही लिहिता येत होत्या. नेटवर्कचं ज्ञान मात्र ‘पिंग लागतंय का’ इथवरच होतं.

सुरुवात सोपी होती. बहुतेक सर्व्हरमध्ये मदरबोर्डवरच एक छोटा स्वतंत्र संगणक असतो, बीएमसी. मुख्य यंत्र बंद असलं तरी वीज आहे तोवर तो जागा असतो. त्याला स्वतःचं नेटवर्क पोर्ट, स्वतःचा मॅक पत्ता (कार्डाबरोबर येणारा) आणि स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कमध्ये दिलेला) असतो. त्याच्याशी आयपीएमआय या जुन्या प्रोटोकॉलने, म्हणजे यूडीपीच्या ६२३ क्रमांकाच्या पोर्टवरून (हे पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, संदेशावर लिहिलेला दाराचा क्रमांक) बोलता येतं, नाहीतर अलीकडच्या रेडफिशने, म्हणजे साध्या एचटीटीपीएसवरून. ‘पुढच्या एका वेळेपुरतं नेटवर्कवरून बूट हो आणि आता रीस्टार्ट हो’ एवढं सांगणारी स्क्रिप्ट बघता बघता झाली. चाळीस यंत्रं एका आज्ञेत बंद-चालू होताना बघून वाटलं, अर्धं काम झालं. कसलं अर्धं!

नेटवर्कवरून बूट होणं म्हणजे पीएक्सई. कागदावर ते फार सरळ आहे. सर्व्हर चालू झाल्यावर त्याच्या नेटवर्क कार्डातला छोटा प्रोग्रॅम डीएचसीपीची, म्हणजे पत्ता मागणारी, विनंती साऱ्या नेटवर्कभर सोडतो. डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि सोबत सांगतो, की बूट फाइल अमुक सर्व्हरवर तमुक नावाने आहे. यंत्र ती फाइल टीएफटीपी या फाइल आणायच्या साध्या प्रोटोकॉलने उतरवून घेतं आणि चालवतं. मी डीएचसीपी सर्व्हर उभा केला, टीएफटीपी सर्व्हर उभा केला, फाइली जागेवर ठेवल्या आणि सर्व यंत्रं एकदम सुरू केली. काही बूट झाली, बरीचशी झाली नाहीत. पुन्हा सुरू केली, तर यादी थोडीशी बदलली, पण बहुसंख्य अडकलेलीच. शहाण्यासारखं एखादं साफ अपयश आलं असतं तर बरं होतं. हे ‘कधी होतं, कधी नाही’ प्रकरण सगळ्यात वाईट.

डीएचसीपी सर्व्हरचं कॉन्फिगरेशन मी उलटसुलट वाचलं, लॉग चाळले. अडकलेल्या यंत्रांकडून विनंती आल्याची नोंदच नव्हती. बरं, यातल्याच एका यंत्रावर पेनड्राइव्हने लिनक्स टाकलं तर त्याला याच डीएचसीपी सर्व्हरकडून बिनबोभाट पत्ता मिळत होता. म्हणजे केबल ठीक, कार्ड ठीक, सर्व्हर ठीक. मग राहिलं काय?

नेटवर्कची बाजू सांभाळणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांच्याकडे गेलो. ‘सर, डीएचसीपीत काहीतरी गडबड आहे,’ असं म्हणालो, तर ते म्हणाले, ‘गडबड डीएचसीपीत आहे हे तुला कुणी सांगितलं? आधी तारेवर काय चाललंय ते बघ, मग मला सांग.’ आणि त्यांनी टीसीपीडम्प हे तारेवरची पॅकेटं दाखवणारं हत्यार चालवायला लावलं. डीएचसीपी सर्व्हरवर एक, आणि त्या अडकलेल्या यंत्राच्या पोर्टची नक्कल स्विचवरच्या (सगळ्या केबल जिथे जोडतात त्या पेटीवरच्या) दुसऱ्या पोर्टावर काढून तिथे एक. दोन्हीकडे गाळणी तीच: यूडीपी, पोर्ट ६७ किंवा ६८, म्हणजे डीएचसीपीची.

दोन खिडक्या शेजारी ठेवून बघत बसलो. यंत्राच्या बाजूला डिस्कव्हर पॅकेट, म्हणजे ‘पत्ता कोण देतंय?’ ही हाक, निघालं. चार सेकंदांनी दुसरं. आणखी आठ सेकंदांनी तिसरं. मग सोळा सेकंदांनी चौथं. डीएचसीपी सर्व्हरच्या खिडकीत चिटपाखरू नाही. म्हणजे यंत्र हाका मारतंय आणि त्या स्विचमध्येच कुठेतरी गडप होतायत. सरांनी विचारलं, ‘चौथी हाक पहिलीनंतर किती सेकंदांनी गेली?’ चार, आठ आणि सोळा, म्हणजे अठ्ठावीस. ‘आणि स्पॅनिंग ट्री पोर्ट उघडायला किती वेळ घेतं?’ मला माहीत नव्हतं. उत्तर होतं तीस सेकंद.

इथे जरा थांबतो, कारण मला नेटवर्किंग खऱ्या अर्थाने इथून कळायला लागलं. इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डेटाच्या बाहेरच्या पाकिटात, ‘किती वेळा पुढे गेलो’ हे मोजणारा आकडा नसतो. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल असतो, तो दर राउटरला, म्हणजे दोन नेटवर्कं जोडणाऱ्या यंत्राला, एकने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं. फ्रेमला असं मरण नाही. त्यामुळे दोन स्विचमध्ये चुकून वर्तुळ तयार झालं तर एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेली, फ्रेम त्यात फिरतच राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क ठप्प होतं. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्रीची रीत काढली. स्विच आपापसांत बोलून ठरवतात की कोणत्या वाटा खुल्या ठेवायच्या आणि कोणत्या मिटायच्या, म्हणजे वर्तुळ उरत नाही. आता, नुकत्याच जोडलेल्या पोर्टच्या पलीकडे साधा सर्व्हर आहे की आणखी एक स्विच, हे स्विचला काय ठाऊक? म्हणून जुन्या ८०२.१डी मानकाप्रमाणे तो पोर्ट आधी १५ सेकंद नुसता ऐकतो, मग १५ सेकंद मॅक पत्ते शिकतो आणि त्यानंतरच रहदारी पुढे जाऊ देतो. पीएक्सईच्या चारही हाका अठ्ठावीस सेकंदांत आटोपतात. दार उघडतं तिसाव्या सेकंदाला.

सगळ्या लक्षणांचा उलगडा एका फटक्यात झाला. लिनक्समधला डीएचसीपी प्रोग्रॅम चिकाटीने विचारत राहतो, म्हणून त्याला पत्ता मिळायचा. ज्या यंत्रांचं फर्मवेअर केबलची जोडणी जागी झाल्यावर पहिली हाक मारायच्या आधी थोडं रेंगाळत होतं, त्यांची चौथी हाक तिसाव्या सेकंदाच्या पलीकडे पडून पोहोचत होती. बाकीच्यांची दोन सेकंदांनी हुकत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं दुखणं स्विचमध्ये होतं आणि औषध डीएचसीपी सर्व्हरला चाललं होतं.

सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टना ‘हे टोकाचं पोर्ट आहे, इथे वाट बघू नकोस’ असं सांगितलं की झालं. मात्र त्यासोबत बीपीडीयू गार्ड लावायचाच: टोकाच्या म्हणून घोषित केलेल्या पोर्टवर उद्या कुणी स्विच जोडला आणि त्याचे स्पॅनिंग ट्रीचे संदेश आले, तर ते पोर्ट ताबडतोब बंद पडलं पाहिजे. ‘नवीन रॅपिड स्पॅनिंग ट्री आहे, ते लगेच उघडतं’ असं कुणी सांगितलं तर अर्धवटच विश्वास ठेवा. रॅपिडमधली झटपट वाटाघाट दोन स्विचमध्ये होते. समोर सर्व्हर असेल तर तो उत्तरच देत नाही आणि पोर्ट टोकाचं म्हणून नोंदवलेलं नसेल तर तेच तीस सेकंद जातात.

त्या दिवसानंतर टीसीपीडम्प माझ्या हाताला चिकटलं ते चिकटलंच. ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कच्या कामाची वाटणी दाखवणाऱ्या आराखड्याचे, सात थर पाठ करून नेटवर्किंग शिकवण्याची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल माझं मत तेव्हापासून फारसं चांगलं नाही. एका यंत्राला पत्ता मिळतानाचे चार संदेश, डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्यातला पहिला ०.०.०.० कडून २५५.२५५.२५५.२५५ कडे का जातो हे स्वतःला विचारा. पत्ता नसलेल्याने पत्ता कसा मागायचा, हा प्रश्न एकदा टोचला की दुसरा (फ्रेम आणि मॅक पत्त्याचा) आणि तिसरा (आयपीचा) थर वेगळे का आहेत ते आपोआप कळतं.

पुढचा अडथळा वेगाचा. टीएफटीपी हा फार साधा, फार जुना प्रोटोकॉल आहे. सध्या वापरात आहे ते त्याचं मानक १९९२ सालचं. मूळ नियमानुसार तो एका वेळी ५१२ बाइटचा तुकडा पाठवतो आणि पोच आल्याशिवाय पुढचा पाठवत नाही. फोनवर समोरच्याने प्रत्येक शब्दाला ‘हं’ म्हटल्याशिवाय पुढचा शब्दच उच्चारायचा नाही असं ठरवलं तर गप्पा जशा चालतील, तसं. हिशेब करून बघा: जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागत असेल तर सेकंदाला हजार तुकडे, म्हणजे जेमतेम ५१२ किलोबाइट. ६० मेगाबाइटची इनिटआरडी (लिनक्स सुरू होताना लागणारी फाइल) उतरवायला दोन मिनिटं. मधली तार दहा गिगाबिटची असली तरी दोन मिनिटंच! तारेची रुंदी आणि जाण्या-येण्याला लागणारा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी शंभरदा वाचलं असेल, पटलं ते या हिशेबाने. तुकड्याचा आकार वाढवायची सोय नंतर आली, पण प्रत्येक फर्मवेअर ती नीट पाळेलच असं नाही. टीएफटीपीची आणखी एक खोड: विनंती जाते ६९ क्रमांकाच्या पोर्टला, उत्तर मात्र सर्व्हर भलत्याच पोर्टवरून देतो. मध्ये फायरवॉल असेल आणि फक्त ६९ उघडं ठेवलं असेल, तर सगळं बरोबर दिसूनही फाइल येत नाही.

म्हणून टीएफटीपीकडून फक्त एक छोटी फाइल घ्यायची, आयपीएक्सई या जास्त हुशार बूट प्रोग्रॅमची. ते एकदा चालू झालं की उरलेलं सगळं एचटीटीपीने येतं, भराभर. यात एक गंमत आहे. आयपीएक्सई सुरू झाल्यावर पुन्हा डीएचसीपीला विचारतं, ‘काय बूट करू?’ डीएचसीपीने तेच उत्तर दिलं, की ‘आयपीएक्सई उतरव’, तर यंत्र आयपीएक्सईमधून आयपीएक्सई काढत बसतं, अनंत काळ. विचारणारा कोण आहे हे विनंतीतल्या यूजर क्लास नावाच्या नोंदीवरून ओळखून वेगळं उत्तर द्यावं लागतं. तसंच यंत्र जुन्या बायॉस फर्मवेअरचं की नव्या यूईएफआयचं, हे त्याच विनंतीतल्या पर्याय क्रमांक ९३ मधून कळतं, बायॉस असेल तर ०, चौसष्ट-बिट यूईएफआयला बहुधा ७. प्रत्येकाची बूट फाइल वेगळी. आणि हो, आयपीएक्सई सुरू होताना नेटवर्क कार्ड पुन्हा एकदा शून्यातून उभं राहतं, इन्स्टॉलरचं कर्नल (लिनक्सचा गाभा) आलं की तिसऱ्यांदा. टोकाच्या पोर्टची व्यवस्था केली नसती तर ती तीस सेकंदांची वाट दर यंत्रामागे तीनदा पाहावी लागली असती.

इन्स्टॉलेशनचा भाग त्यामानाने गोड. रेड हॅट घराण्यात किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड, उबंटूमध्ये ऑटोइन्स्टॉल. प्रश्नांची उत्तरं आधीच फाइलमध्ये लिहून ठेवायची. सांभाळायचं एकच: डिस्कचं नाव. ‘एसडीए’वर टाक असं लिहिलं आणि त्या बूटमध्ये कर्नलने भलत्याच डिस्कला ते नाव दिलं, तर डेटाची डिस्क पुसली जाते. डिस्क तिच्या अनुक्रमांकावरून किंवा आकारावरून निवडावी. तोच प्रकार नेटवर्क पोर्टांचा. सिस्टमडीने २०१३च्या सुमारास ‘एथ-शून्य’च्या जागी कार्ड कुठल्या खाचेत आहे त्यावरून नाव द्यायची पद्धत आणली. ती नावं दिसायला विचित्र आहेत, पण रीस्टार्टनंतर बदलत नाहीत, आणि ऑटोमेशनला बदलणाऱ्या नावांइतका मोठा शत्रू नाही.

इन्स्टॉल झाल्यावर यंत्र रीस्टार्ट होतं, आणि बूट क्रमात नेटवर्क पहिलं असेल तर पुन्हा इन्स्टॉलच सुरू होतं. ये रे माझ्या मागल्या! यावर उपाय म्हणजे प्रत्येक यंत्राची अवस्था एका ठिकाणी नोंदवायची. अवस्था ‘इन्स्टॉल कर’ असेल तर बूट सर्व्हर इन्स्टॉलरची स्क्रिप्ट देतो, एरवी ‘स्थानिक डिस्कवरून बूट हो’ एवढंच सांगतो. इन्स्टॉलर शेवटच्या पायरीला एक एचटीटीपी विनंती पाठवून अवस्था बदलतो. मास, फोरमन, कॉबलर ही तयार साधनं आतून हेच करतात. माझा सल्ला विचाराल तर आधी हे सगळं एका सर्व्हरपुरतं हाताने बांधा आणि मग खुशाल तयार साधन घ्या. उलट्या क्रमाने गेलं तर साधन अडलं की कुठे बघायचं तेच कळत नाही.

आता पत्त्यांकडे. चाळीस यंत्रांचे पत्ते मनाला येतील तसे दिले तर महिन्याभरात खिचडी होते. आम्ही नियम ठरवला: पत्त्याचा तिसरा आकडा नेटवर्कचा प्रकार सांगणार, चौथा आकडा रॅक आणि रॅकमधली जागा सांगणार. बीएमसीचं एक नेटवर्क, यंत्रांचं दुसरं, साठवणुकीचं तिसरं. प्रत्येक /२४, म्हणजे २५६ पत्ते, त्यातले वापरायला २५४. एक इन्व्हेंटरी फाइल, तिच्यात यंत्राचं नाव, जागा आणि मॅक पत्ता एवढंच. आयपी पत्ता, डीएचसीपीची नोंद, डीएनएसची (नावावरून पत्ता सांगणारी) नोंद, स्विच पोर्टचं वर्णन हे सगळं त्यातून स्क्रिप्टने काढायचं. कुणीही कुठलाही पत्ता हाताने लिहायचा नाही.

सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा, /२४ सारखा आकडा) म्हणजे काय हेही इथेच हाडीमाशी भिनलं. यंत्र पॅकेट पाठवताना एवढंच बघतं: समोरचा पत्ता माझ्याच नेटवर्कमधला आहे का? असेल तर एआरपीने थेट मॅक पत्ता विचारायचा, नसेल तर गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे, सोपवायचं. आता एखाद्या यंत्रावर /२४ऐवजी /१६ पडलं तर काय होईल? शेजारच्या नेटवर्कमधलं यंत्र त्याला आपल्याच घरातलं वाटेल. चुकलेलं यंत्र गेटवेकडे जाणारच नाही, एआरपीने विचारत बसेल आणि उत्तर कधी येणार नाही. बाहेरच्या जगाशी त्याचा संपर्क मात्र छान चालू राहील! ‘इंटरनेट चालतंय पण शेजारचा रॅक दिसत नाही’ अशी तक्रार आली की आता मी पहिल्यांदा मास्क बघतो.

कुबरनेटीस इथे आणखी भर घालतं, कारण त्याला स्वतःची दोन नेटवर्कं हवी असतात: पॉडचं (पॉड म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमचा छोटा गठ्ठा) आणि सर्व्हिसचं (पॉडपर्यंत पोहोचायचे स्थिर पत्ते). कुबअ‍ॅडम हे कुबरनेटीस उभं करणारं साधन सर्व्हिससाठी मुळात १०.९६.०.०/१२ घेतं. वरवर बघता वाटतं, ९६ने सुरू होणारे पत्ते टाळले की झालं. पण /१२चा विस्तार १०.९६ पासून थेट १०.१११ पर्यंत जातो. तुमचं एखादं नेटवर्क १०.१००वर असेल तर ते या पट्ट्यात आलंच. कंटेनर चालवणारा डॉकरही १७२.१७.०.०/१६ गुपचूप घेऊन बसतो. ऑफिसचं नेटवर्क नेमकं तेच असेल तर सर्व्हरला विनंती पोहोचते, पण उत्तर त्याच्या पोटातल्या ब्रिजमध्येच (आभासी स्विचमध्येच) विरतं. क्लस्टर बांधायच्या आधी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन हे पट्टे मांडून बघावेत, कारण नंतर ते बदलणं म्हणजे क्लस्टर पुन्हा उभारणं.

व्हीलॅनबद्दल थोडक्यात: एकाच स्विचमध्ये अनेक वेगळी नेटवर्कं नांदवण्यासाठी ८०२.१क्यू मानकाप्रमाणे फ्रेमला चार बाइटची खूण चिकटवतात. त्यात व्हीलॅनचा क्रमांक १२ बिटचा असतो, म्हणून वापरता येणारे क्रमांक ४०९४. पीएक्सईच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे कार्डातल्या त्या छोट्या प्रोग्रॅमला बहुतेक वेळा खुणा कळत नाहीत. त्यामुळे बूटचं नेटवर्क त्या पोर्टवर बिनखुणेचं असावं, बाकीची खुणेसकट. आणि डीएचसीपीची हाक ब्रॉडकास्ट असल्याने राउटर ओलांडत नाही. डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कमध्ये असेल तर मध्ये रिले नेमावा लागतो. रिले विनंतीत स्वतःचा पत्ता घालतो आणि त्यावरून डीएचसीपी सर्व्हरला कळतं, की कुठल्या नेटवर्कमधला पत्ता द्यायचा.

दोन केबल एकत्र बांधण्याची, म्हणजे एलएसीपीची, एक वेगळीच कटकट निघाली. सर्व्हरला दोन पोर्ट, दोन्ही मिळून एक जोडी, एक तुटली तरी दुसरी चालू. उत्तम. पण एलएसीपी बोलतं कोण? ऑपरेटिंग सिस्टिम. ती तर अजून आलेलीच नाही. पलीकडून एलएसीपीचे संदेश येत नाहीत असं बघून स्विच ती पोर्टं बाजूला काढून ठेवतो, पीएक्सईला वाट मिळत नाही आणि ऑपरेटिंग सिस्टिम कधी येतच नाही. अंडं आधी की कोंबडी! बऱ्याच स्विचमध्ये यासाठी एक सवलत असते, की संदेश आले नाहीत तर जोडीतलं एक पोर्ट साधं म्हणून चालू ठेवायचं. ती लावली. जाता जाता, दहा-दहाच्या दोन तारा बांधल्या म्हणजे एका फाइलच्या कॉपीला वीस मिळतात असं नाही. एक प्रवाह एकाच तारेवरून जातो. हे व्यवस्थापनाला समजावणं बूटपेक्षा अवघड गेलं.

लिनक्स आल्यावर अँसिबलचं राज्य सुरू. त्याबद्दल लोक भरभरून लिहितात, मी दोनच गोष्टी सांगतो. तेच प्लेबुक (अँसिबलला दिलेली कामांची यादी) लागोपाठ दुसऱ्यांदा चालवल्यावर बदलांचा आकडा शून्य आला पाहिजे. येत नसेल तर कुठेतरी ‘शेल’ मॉड्यूलमध्ये कोंबलेली आज्ञा आहे, ती शोधून काढायची. दुसरी गोष्ट म्हणजे सगळीकडे एकदम घुसायचं नाही. ईटीसीडीचे, म्हणजे क्लस्टरच्या नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेसचे, तीन सदस्य असतील तर एक पडलेला चालतो, दोन पडले की बहुमत गेलं आणि क्लस्टर लिहिणं थांबवतं. म्हणून नियंत्रण करणाऱ्या यंत्रांवर प्लेबुक एकेक करूनच चालवायचं आणि आधीचं यंत्र तब्येतीत आहे हे तपासल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. घड्याळांकडेही लक्ष हवं. घड्याळं जुळवणारं क्रोनी क्लस्टरच्या आधी लावा, कारण मागे पडलेल्या घड्याळाच्या यंत्राला ताजं प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ असं वाटतं, आणि तो संदेश वाचून माणूस प्रमाणपत्रं उकरत बसतो.

क्लस्टर उभा राहिला. सगळी यंत्रं ‘रेडी’. पॉड चालू. आणि मग विचित्र लक्षणं दिसायला लागली. एका रॅकमधल्या पॉडने दुसऱ्या रॅकमधल्या पॉडला छोटी विनंती केली तर उत्तर लगेच, मोठं काही मागितलं की सगळं गोठून जाई. एसएसएचही जोडणी सुरू होताच मध्येच अडकून राही. पिंग मात्र खणखणीत. एकाच रॅकमध्ये हे काहीच होत नव्हतं.

एव्हाना मी सरांकडे न जाता आधी तारेकडे गेलो. टीसीपीचे तीन सुरुवातीचे संदेश जात-येत होते, ते छोटे असतात. पहिलं मोठं पॅकेट निघे आणि पोच येत नसे. ते पुन्हा पाठवलं जाई, पुन्हा, पुन्हा. आकाराचा प्रश्न आहे हे उघड होतं. साठवणुकीच्या वेगासाठी यंत्रांवर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, ९००० बाइट ठेवला होता. मग पिंगला तुकडे करायची मनाई करून मोठ्या आकाराने पाठवलं. आकडा ८९७२, कारण ९०००मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे (पिंग ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल) ८ बाइट वजा होतात. रॅकमधल्या रॅकमध्ये उत्तर आलं. रॅकबाहेर शांतता. १४७२ला मात्र उत्तर. म्हणजे दोन रॅकना जोडणाऱ्या स्विचवर कुठेतरी १५०० राहिलं होतं.

पण मग ‘पॅकेट फार मोठं आहे’ असं कुणी कळवलं का नाही? या प्रश्नाने मला दुसऱ्या आणि तिसऱ्या थराचा फरक कायमचा शिकवला. ते कळवणं राउटरचं काम. तो आयपी वाचतो, त्याला पाठवणाऱ्याचा पत्ता ठाऊक असतो, तो आयसीएमपीने निरोप देतो. नुसता स्विच फ्रेम बघतो. मावत नसली की टाकून देतो आणि पोर्टच्या मोजणीत एक आकडा वाढवतो. तो आकडा तिथे जाऊन बघितला तर दिसतो, स्वतःहून कुणी सांगत नाही. आणि आयसीएमपी म्हणजे धोका असं समजून ते सरसकट अडवणाऱ्या फायरवॉल राउटरचाही निरोप गिळतात, ते वेगळंच.

स्विचचा एमटीयू वाढवल्यावरही पॉडचा हिशेब वेगळा करावा लागतो. आमचं पॉडचं नेटवर्क व्हीएक्सलॅनवर चालतं. ते पूर्ण इथरनेट फ्रेम यूडीपीच्या पोटात घालून ४७८९ क्रमांकाच्या पोर्टकडे पाठवतं. या वेष्टनाचे ५० बाइट जातात. म्हणून बाहेर ९००० असेल तर पॉडला ८९५०, बाहेर १५०० असेल तर १४५०. नेटवर्क प्लगइन हे बहुधा स्वतःच ओळखतं, पण ते यंत्राच्या कार्डाकडे बघून ओळखतं. मधल्या स्विचवर काय आहे ते त्यालाही दिसत नाही.

त्यानंतर इन्स्टॉलेशनच्याही आधी चालणारं एक तपासणीचं प्लेबुक लिहिलं, आणि या साऱ्या खटाटोपात माझं सगळ्यात लाडकं काम तेच. नवीन यंत्र नेटवर्कवरून एका छोट्या, मेमरीतच चालणाऱ्या लिनक्समध्ये बूट होतं. ते एलएलडीपीने स्विचला विचारतं, की मी तुझ्या कुठल्या पोर्टवर आहे. स्विच दर अर्ध्या मिनिटाने स्वतःचं नाव आणि पोर्ट क्रमांक सांगतच असतो, फक्त ऐकायला कुणी हवं. ते उत्तर इन्व्हेंटरीतल्या नोंदीशी जुळवलं जातं. केबल अदलाबदल झाली असेल तर इथेच कळतं, रॅकच्या मागे टॉर्च घेऊन जावं लागत नाही. मग पूर्ण आकाराचं पिंग दोन्ही रॅककडे, घड्याळ, डिस्कचे अनुक्रमांक. यातलं एकही चुकलं तर यंत्राची अवस्था ‘इन्स्टॉल कर’ होतच नाही.

आता नवीन सर्व्हर आला की माणसाची कामं उरतात दोन. तो रॅकमध्ये बसवून केबल जोडायच्या आणि त्याच्या लेबलवरचे मॅक पत्ते बारकोडने इन्व्हेंटरीत घ्यायचे. चहा संपेपर्यंत यंत्र क्लस्टरमध्ये सामील होतं, म्हणजे चहा जरा निवांत प्यायचा. उलट दिशेचं काम, म्हणजे यंत्र क्लस्टरमधून काढून त्याच्या डिस्क पुसणं, तेही स्क्रिप्टच करते. पण सुरू व्हायच्या आधी ती यंत्राचं पूर्ण नाव टाइप करायला लावते, चिकटवू देत नाही. ही पायरी काढून टाकावी अशी सूचना अधूनमधून येते. ती मी मान्य करत नाही.

पुढची यादी मोठी आहे. दोन रॅक होते तोवर स्पॅनिंग ट्रीवर भागलं. आता आणखी रॅक येणार आहेत, तर प्रत्येक रॅकच्या स्विचवरच राउटिंग आणायचं आणि बीजीपी या राउटरांच्या प्रोटोकॉलने त्यांना एकमेकांचे पत्ते कळवू द्यायचे, असं ठरतंय. म्हणजे दुसऱ्या थरातली वर्तुळांची चिंताच संपेल. पण मग रॅकगणिक नेटवर्क वेगळं, दर रॅकला डीएचसीपीचा रिले, आणि पत्त्यांचा आमचा तो नियम पुन्हा लिहावा लागेल. सरांनी प्रयोगशाळेतले जुने स्विच माझ्या टेबलावर आणून ठेवलेत, आणि १७९ क्रमांकाच्या, म्हणजे बीजीपीच्या, पोर्टवर टीसीपीडम्प चालू आहे.